नुसतं बोलणं, तरी गुन्हा!

इथे परदेशात, क्लोनडॉकिनला, आमच्या कंपनीसमोरच्या बसस्टॉपवर एक माणूस संध्याकाळी यायचा. बसमध्ये कधी चढायचा नाही. फक्त माझ्याकडे बघून माझ्या शरीराबद्दल बोलायचा, मोठ्यांदा, हसत, सगळ्यांसमोर. हात कधी लावला नाही, म्हणून मला वाटायचं, तक्रार कसली करणार? नुसतं बोलतोय! मी उशिरा निघायला लागले, मग पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायला लागले. खरं सांगू? जॉब सोडायचं पण डोक्यात होतं.

मग नागपूरहून आई आली. एकदा मला घ्यायला स्टॉपवर आली आणि नेमका तो सुरू झाला.

"काय म्हनते वं तो?"

"काही नाही गं आई, पत्ता विचारतोय."

आई बसमध्ये माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "पत्ता विचारनारा मानूस असा हासत नाही. चाल, पोलिसात."

मी हादरले! "अगं, माझं वर्क परमिट रिन्यू व्हायचंय, पोलिसात नाव नको!" आमच्या मराठी ग्रुपवर सगळ्यांना हेच वाटतं, गार्डाकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, गेलं की परमिट लटकलं.

"नाव त्याचं जाईन न तिथं, तुयं कायले?"

स्टेशनवर एक बाई गार्डा होती. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मी पहिला प्रश्न काय विचारला? परमिट! ती म्हणाली, "तुझं काय होणार? केलंय त्यानं." मग तिनं शांतपणे समजावलं की हात लावायलाच हवा असं नाही. रस्त्यावर असं धमकावणारं, घाण बोलणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो, आणि पुन्हा पुन्हा एकाच मुलीच्या मागे लागणं म्हणजे तर छळ. मी आ वासून बघत राहिले. यार, नुसत्या बोलण्यासाठी कायदा!

"युअर मॅन नेमकं काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग," गार्डानं विचारलं. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'.

मी टेबलाकडे बघत सांगितले. इंग्रजीत ते जमलं. मग आईनं काय पाहिलं, ते गार्डानं विचारलं. त्याची टोपी, त्याचे हातवारे, आजूबाजूच्यांनी फिरवलेली तोंडं, आईनं सगळं धडाधड सांगितलं, मी भाषांतर केलं.

"आता मले सांग, काय म्हनला तो?"

मराठीत? आईला? आमच्या घरी पाळी हा शब्दसुद्धा स्वयंपाकघरात, हळू आवाजात! कान तापले, पण सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"तिले पुरं सांगितलं न? काही गाळलं त नाही?"

गाळलं होतं. सगळ्यात घाण वाक्य.

"मंग सांग न तिले. थे कायले लपवतं?"

मी गार्डाकडे वळले आणि बोलले. तिची भुवईसुद्धा हलली नाही. पेन चालत राहिलं, जसंच्या तसं. मग तिनं सगळं मला वाचून दाखवलं, ते वाक्यही, कुठेही न अडखळता. आई माझ्या शेजारी ताठ बसली होती, जणू बोर्डाच्या परीक्षेचा निकाल ऐकतेय.

केसचं काय होईल माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी वेळेवर निघाले, माझ्याच स्टॉपवर उभी राहिले.