डाव्या हातावरचा चुन्याचा डाग

दवनीवाड्याच्या शाळेत मी मास्तर झालो, त्या साली टीबीच्या लशीची गाडी गावात आली. डॉक्टरांना अभ्यास करायचा होता. हातात थोडंसं औषध टोचायचं, तिसऱ्या दिवशी पाहायचं. हात फुगला नाही तर लस द्यायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा टोचून अंगात ताकद आली का ते तपासायचं. आपखुशीने हात देणारे हवे होते. गावाचा उत्साह काय सांगावा! गाडी दिसताच अर्धं गाव धानाच्या बांध्यांत आणि उरलेलं थेट जंगलात.

राहिलो मी आणि शाळेतली पोरं. वीस वर्षांचा, सातवी पास, विज्ञानाचा एकमेव ठेकेदार. पोरांसमोर डावी बाही वर केली, वर भाषण ठोकलं. अकलेचा कांदा म्हणतात तो हाच.

तिसऱ्या दिवशी गाव परतलेलं आणि माझ्या हातावर बोराएवढी गाठ. डॉक्टर बोटाने चाचपून खूश. "मास्टरजी, आपका बदन इस बीमारी से मिल चुका है. टीका नहीं लगेगा. आप बीमार नहीं हैं." शेवटचं वाक्य ऐकायला गाव थांबलंच नाही. संध्याकाळपर्यंत मला टीबी झाला होता, तोही शेवटच्या टप्प्याचा.

आणि पंधरा दिवसांवर माझं लग्न. तिरोड्याकडची मुलगी. एकदाच पाहिली होती, पण मनात ठाण मांडून बसली होती. सोयरीक मोडणार या भीतीने मी आईपुढे हात धरला. आमच्याकडे मुका मार असो की गांधीलमाशी, सुजेवर औषध एकच, हळद-चुना. आईने तो असा थापून बांधला की सकाळी सूज जागच्या जागी, वरचं कातडं मात्र भाजलेलं.

बातमी ऐकून होणारे सासरे छकडा जुंपून हजर. "हात दाखवा जी, मास्तर. म्हैस घेतानी दात पायतो मी, इथं तं पोरगी देऊन राहिलो."

"खळ्यावर धानाच्या चुरणीत बैलाचं शिंग लागलं," आई म्हणाली.

त्यांनी हात उलटसुलट केला, मला अंगणात पळवलं. चुरणीच्या धुळीनं घसा खवखवत होता, पण मी खोकला गिळला. शेवटी "बरं" म्हणाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी लग्नापर्यंत आणि नंतरही मी खोकला गिळतच होतो.

लग्नानंतर पाचव्या दिवशी ती चुलीवरून भाताचं भांडं उतरवत होती. बांगड्या मागे सरकल्या. डाव्या हातावर, त्याच जागी, तसाच भाजलेला डाग.

"हे काय?"

ती पदर ओढू लागली. मग माझ्या हाताकडे पाहून थांबली. "आमच्याकडंबी गाडी आली होती. माहाबी हात फुगला, तं बाबानं चुना बांधला. म्हणे, सांगशीन तं लगन मोडन."

म्हणजे हा गृहस्थ घरी पोरीचा हात बांधून माझा तपासायला आला होता! माझं डोकंच फिरलं.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी सांगतलं का?" ती म्हणाली. डोळे भरले होते. "पाच दिवस झाले, चुलीच्या धुरानंबी खोकली नाही मी."

"खोक," मी म्हटलं.

ती खोकली. मग मीही खोकलो. आई बाहेरून ओरडली, पण आम्ही दोघं पोटभर खोकलो.