ओळीतली तिसरी जागा

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात शेवंतीशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे, आणि धजलंच तर संध्याकाळपर्यंत पस्तावत असे. बाई पन्नाशीला आलेली, अंगानं वाळकी, पण आवाज असा की मासळीबाजारात तिनं भाव सांगितला की रस्त्यापलीकडचा सायकलवाला मान वर करायचा. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा पोपट मोहने गावच्या कारखान्यात लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहिला. शेवंतीकडे उरली ती बाजारातल्या ओळीतली तिसरी जागा. सासूकडून आलेली, जेमतेम दोन हात रुंद. त्या दोन हात जागेवर ही बाई कोणाच्या ताटाखालचं मांजर न होता जगत होती.

जागेला कागदबिगद काही नव्हता. ओळीतल्या बायांचा शब्द हाच कागद. नियम एकच, जागेवर घरचं माणूस बसलं पाहिजे. सासू, सून, लेक, कोणीही चालेल, पण घरचं. सात दिवस घरचं कोणी फिरकलं नाही आणि आठव्या दिवशीही आलं नाही, की जागा दुसरीला. त्यात रडारड चालत नसे.

अठ्ठ्याऐंशी साली जानेवारीत या शेवंतीच्या घरात डेन्मार्कची पोरगी राहायला आली. आता डेन्मार्क कुठे आणि कोळीवाडा कुठे! पण झालं असं की शेवंतीचा भाचा गोविंदा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत शिपाई होता. त्या कंपनीत कारीन नावाची ही इंजिनियरिंगची विद्यार्थिनी तीन महिने काम शिकायला आलेली. नौपाड्यात ज्यांच्याकडे तिची सोय केलेली, त्यांच्या घरात अचानक लग्न निघालं, पाहुणे भरले, आणि पोरगी बॅग घेऊन कंपनीच्या गेटवर उभी. साहेब लोक एकमेकांची तोंडं बघत बसले. गोविंदा म्हणाला, दोन दिवस माझ्या मावशीकडे ठेवतो. त्या दोन दिवसांचा दीड महिना कधी झाला, कळलंच नाही.

शेवंतीला इंग्रजी यायचं नाही. मोठ्यानं बोललं की परदेशी माणसाला मराठी समजतं, अशी तिची समजूत, आणि खरं सांगायचं तर कारीनला महिनाभरात समजायलाही लागलं. पोरगी जवळा खायची, मोरीत बसून अंघोळ करायची, रविवारी टोपली उचलून बाजारात यायची आणि बोईट कसं साफ करतात ते टक लावून बघायची. गोविंदासारखीच तीही मावशी म्हणायची. पण कंपनीतून आली की तिचा चेहरा पडलेला असायचा. शेवंतीनं गोविंदाला फैलावर घेतलं, तेव्हा कळलं की मशीनवर काम शिकायला आलेल्या या पोरीला साहेबानं आपल्या एसी केबिनच्या कोपऱ्यात टेबल दिलंय. दिवसभर जुन्या ड्रॉइंग्ज उतरवायच्या आणि चहा प्यायचा. मशीनवर मुलगी कशी उभी करायची, हात कापला तर जबाबदार कोण, असं साहेबाचं म्हणणं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवंती धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर, दीड महिना उठायचं नाही. पोपट मोहन्याहून धावत आला. आईला घेऊन जायचंच असं ठरवून आलेला. म्हणाला, जागा सोड आता, किती वर्षं चिखल तुडवणार, सूनबाई करेल तुझं. तो काही वाईट बोलत नव्हता, पण शेवंतीला वेगळंच दिसलं. सुनेच्या घरात खाटेवर बसून, दोन वेळच्या चहासाठी कपाची वाट बघायची? तिनं पोपटाला जेवू घातलं आणि परत पाठवलं.

पण बसणार कोण? सून टोपलीला हात लावायची नाही. दीर गोमाजी होडीतून मासळी आणून दारात टाकायचा, पण त्या ओळीत पुरुष बसत नाहीत. शेवंती भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हा कारीननं टोपलीत ठेवलेला शेवंतीचा मासळी कापायचा कोयता उचलला आणि म्हणाली, "मावशी, मी बसते. सकाळी. मग कंपनी."

शेवंतीनं तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जागी होऊन बघते तर टोपलीही नाही आणि पोरगीही नाही.

पहिल्या दिवशी तिनं काय करावं? पुठ्ठ्यावर प्रत्येक मासळीचा भाव लिहून लावला. एकच भाव, कमी नाही, जास्त नाही. ठाण्याचं गिऱ्हाईक ते! घासाघीस केल्याशिवाय त्याला कोलंबी गोड लागेल होय? बायका पुठ्ठा वाचायच्या, हसायच्या आणि पुढे जायच्या. अर्धी मासळी परत आली. शेवंतीनं तिला झापलं, दुप्पट सांगायचं आणि मग उतरायचं, एवढं कळत नाही का. कारीन ऐकेना. जो भाव घ्यायचा नाही तो मी सांगणार नाही म्हणाली. दोघी सारख्याच हट्टी, काय बोलणार! शेवटी शेवंतीनंच हात टेकले. मासळी गेली खड्ड्यात, जागा राहिली पाहिजे, असं म्हणून तिनं विषय संपवला.

याचा एक फायदा मात्र झाला. रोज सकाळी मासळीत बसून येणाऱ्या पोरीचा वास साहेबाला केबिनमध्ये सहन होईना. साबण लावून लावून तिचे हात सोलवटले, तरी वास काही जाईना. चौथ्या दिवशी साहेबानं नाकाला रुमाल लावून तिला खाली मशीन शॉपमध्ये पाठवून दिलं. तिथं ऑइलच्या वासात मासळीचा वास कोण विचारतो! कारीन संध्याकाळी काळे हात दाखवत आली आणि लेथवर पहिला पार्ट केला म्हणून शेवंतीसमोर नाचली. शेवंतीला इतका आनंद झाला की पायाचा ठणका विसरून तिनं साहेबाला दोन शिव्या हासडल्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी गोविंदा मान खाली घालून आला. चौथ्या जागेवरच्या आवडाबाईनं निरोप पाठवलेला. पोरगी घरची नाही, तेव्हा तिचं बसणं धरायचं नाही. उद्या आठवा दिवस. जागा माझ्या सुनेला द्यावी, असं तिनं बायांपुढे मांडलंय.

गोविंदानं तोडगाही आणलेला. मावशीनं सांगावं की ही पोरगी मी मानलेली लेक आहे, बास. कारीनलाही पटलं, ती आई म्हणायला तयार झाली. शेवंती मात्र तयार होईना. ही बाई रोज शिळी मासळी ताजी म्हणून विकायची, त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. पण नवरा गेला तेव्हा तेरा दिवस ती घराबाहेर पडली नव्हती, आणि याच बायांनी तिची जागा राखलेली, नियम बाजूला ठेवून, अगदी आवडाबाईनंसुद्धा. त्यांच्याशी जागेवरून खोटं बोलायचं? तिची जीभ रेटेना.

सकाळी तिनं गोमाजीला बर्फाची हातगाडी आणायला सांगितली. कारीननं आडवं येऊन डॉक्टरचं नाव घेतलं. शेवंती म्हणाली, तुझं प्लास्टर असतं तर तू थांबली असतीस काय? कारीन बाजूला झाली आणि तिनंच गाडीची दांडी धरली.

बाजारात गाडी शिरली तशी सगळी ओळ वळून बघायला लागली. गोमाजीनं आणि कारीननं शेवंतीला उचलून तिसऱ्या जागेवर टेकवलं. पाय सरळ पुढे, प्लास्टर पार रस्त्यात आलेलं. कळ डोक्यात गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिनं तोंडातून हूं काढला नाही.

आवडाबाईनं सरळच विचारलं, "शेवंते, ही पोर तुझी कोन?"

"कोन नाय," शेवंती म्हणाली. "पाहुनी हाय. महिनाअखेर आपल्या घरी जानार. सात दिवस ती बसली, ते धरू नका. आज आठवा. आज मी बसलेली हाय. उद्यापासून परत सात मोजा, आठव्याला मी परत येन. पाय बरा होईपर्यंत असंच. कोनाला काय बोलायचं असल तर आता बोला."

शेवंती आवडाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण जागा राहणार की जाणार ते तिथंच ठरायचं होतं. आवडाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. प्लास्टरमधून बाहेर आलेली, काळीनिळी पडलेली बोटं बघितली. मग आपल्या बुडाखालचा पाट ओढून काढला, स्वतः ओल्या फरशीवर बसली आणि तो पाट शेवंतीच्या पायाखाली सरकवला.

"पाय वर ठेव, सुजल," ती म्हणाली. "आन् आठवड्यानं येऊ नको. पोर बसतेय ना. ती गेली की मी बघन तुझी टोपली."

शेवंतीनं मोडल्या पायासाठी आठ दिवसांत एक टिपूस गाळलं नव्हतं. आता मात्र भर बाजारात, पहिलं गिऱ्हाईक समोर उभं असताना, ती पदरात तोंड घालून ओक्साबोक्शी रडली, आणि गिऱ्हाइकाला भाव कारीननं सांगितला.