गाडीखालचा प्राजक्त

दिवा विझला होता, तरी माझ्या मनातून काही जात नव्हता. आमच्या जुन्या गाडीत दोन दिवस ब्रेकचा लाल दिवा लागत होता. ह्यांनी हँडब्रेक खालीवर करून पाहिला, मग बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल कमी झालेलं. ते भरलं आणि दिवा गेला. "अहो, पण कमी झालं कशानं?" तर म्हणतात, "म्हातारपणी सगळंच कमी होतं. तुझं बोलणं सोडून."

गुरुवारी नातीला घेऊन नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला जायचं होतं. म्हणजे घाट चढायचा आणि तोच उतरायचाही. त्या सकाळी देवापुढे बसले, तर जप बाजूलाच राहिला, डोळ्यांपुढे नुसता उतार. शेवटी म्हटलं, दत्तगुरू, मला गाडीतलं काही कळत नाही आणि हे ऐकत नाहीत. जायचं की नाही, आता तूच बघ.

फुलं आणायला खाली गेले, तर एक अनोळखी बाई आमच्या गाडीखाली हात घालून प्राजक्त वेचत होत्या. आमच्या कर्वेनगरात पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्याच्या झाडावर स्वतःची पूजा उरकणारे पुष्कळ. त्यात मी आधीच धास्तावलेली. म्हटलं, "अहो बाई, झाड सोसायटीचं आहे, देवस्थानाचं नाही!"

त्यांनी हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर चोळली. "घ्या तुमची फुलं. देवाला वाहण्यासारखी कुठं आहेत? सगळी तेलकट!"

तेल म्हणजे आमच्या गाडीचंच! ह्यांना हाक मारली. हे गुडघे धरत वाकले, मागच्या चाकाच्या आतून ओघळ येत होता तिथं बोट लावलं, आणि स्वतःहून मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकनं येऊन चाक उघडलं. आतलं रबर गेलेलं. "काका, घाटात पेडल दाबलं असतं तर पार खाली गेलं असतं, ब्रेक लागलाच नसता." नात शेजारीच उभी होती, देवाचा नारळ पोटाशी धरून. मी तिला तशीच जवळ ओढली.

ह्याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे बापडं. मला एवढंच कळतं, की मी कौल मागितला आणि तो आला तेव्हा त्याच्यावरच खेकसले. त्यानं कोणाच्या तोंडून बोलावं, हे मी कोण ठरवणार?

हल्ली त्या बाई आल्या की मीच फांदी हलवून देते. त्या संकोचतात, "काकू, तुमच्या देवाला ठेवा की थोडी."

"घ्या हो," मी म्हणते, "त्याला पोचली."