अखिल कॅनडात आठवी

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका हिवाळ्यात मी अखिल कॅनडात आठवी आले होते. हे माझं म्हणणं नाही, स्कारबरोकडच्या आमच्या मराठी मंडळींचं आहे. कशात आठवी? तर महिलांच्या विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये. त्या हिवाळ्यात मी काय खेळले, हे विचाराल तर बाकावर बसले. दमून आलेल्या मुलींना टॉवेल द्यायचा, पाण्याची बाटली द्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. यात आठवा नंबर देत असतील तर तो मात्र माझाच.

हे नंबर लागायचे कसे, ते आधी सांगते. दर आठवड्याला देशातल्या पहिल्या दहा संघांची यादी पेपरात यायची. हॉकीची पानंच्या पानं संपली, बर्फावरच्या कर्लिंगचे निकाल संपले, विंटर टायर्सच्या जाहिराती संपल्या, की तळाशी मुंगीच्या अक्षरांत आमची यादी. ती ठरायची ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांनी फोनवर दिलेल्या मतांनी. देश एवढा अवाढव्य, की पश्चिमेकडच्या मुली आणि आम्ही अख्ख्या वर्षात एकदाही समोरासमोर येत नसू. पण कोण वरचढ, हे मात्र दर आठवड्याला ठरायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला आमच्या प्रशिक्षक बाईंनी शिकवलं. त्या ऑफिसात सँडविच खाता खाता मत द्यायच्या. एका हाताने फोन झाकून आम्हालाच विचारायच्या, "तिकडे पश्चिमेला, प्रेअरीजमधल्या त्या उंच मुलींचं काय झालं, जिंकल्या का? कुणी ऐकलंय?" आम्ही खांदे उडवायचो. मग त्या फोनवर ठासून सांगायच्या, "फोर्थ. डेफिनेटली फोर्थ."

पण बाबांचा त्या यादीवर केवढा विश्वास! बाबा इंजिनियर. मॅट्रिकला ते बोर्डात आले होते आणि कॅनडात येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते त्या बोर्डावरून खाली उतरले नव्हते. कुणाच्या घरी जेवायला गेलो तर आमटी वाढून होईपर्यंत यजमानांना बाबांचा बोर्डातला नंबर कळलेला असायचा. माणूस कसा आहे हे बघत बसण्यापेक्षा कितवा आहे हे विचारलं की काम भागतं, हा त्यांचा आणि त्यांच्या सगळ्या मित्रांचा सिद्धांत.

तरी खेळाची सुरुवात त्यांनीच करून दिली होती. शेजारच्या गॅरेजवर रिंग होती, म्हणून आमच्याही गॅरेजवर हवी. बाबांनी शिडीवर चढून ती स्वतः ठोकली, स्पिरिट लेव्हल लावून तपासली, खाली उतरले आणि आत गेले. पुढे तिच्यात कुणी बॉल टाकतं का, हे त्यांनी पाहिलं नाही. मी मात्र ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढून, हातमोजे घालून, बोटं बधिर होईपर्यंत टाकत राहायचे, आणि अधूनमधून खिडकीकडे बघायचे. मला बाबांनी यायला हवं होतं. बाकी कुणी आलं नसतं तरी चाललं असतं.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तेव्हा मी त्यांना मॅचला बोलावलं. बाबा म्हणाले, "आधी नंबरात या. मग येतो."

आणि आम्ही आलो की नंबरात! एका मंगळवारी यादीत आमच्या विद्यापीठाचं नाव आठवं होतं. बाबांनी तो तुकडा कापून फ्रिजवर लावला. मी म्हटलं, "सो, आर यू कमिंग सॅटर्डे?" तेव्हा मी घरात इंग्रजीतच बोलायचे. बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता काय बघायचंय? पेपरात आलंय की."

त्याच आठवड्यात चर्चच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये तिळगूळ समारंभ होता. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांचं सगळं आयुष्य गुणवत्ता याद्यांच्या सहवासात गेलेलं. आठवा नंबर म्हणजे कुणीतरी एक हुशार मूल आठवं आलं, यापलीकडे त्यांची कल्पना जाईना. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "आपल्या मंडळींसाठी अभिमानाची गोष्ट! आपली कन्या महिला बास्केटबॉलमध्ये अखिल कॅनडात आठवी आली आहे!" टाळ्यांचा कडकडाट. मला पुढे ओढून शाल पांघरली, नारळ हातात दिला. मी काकांना हळूच म्हटलं, "काका, तो टीमचा नंबर आहे. मी तर खेळतसुद्धा नाही."

काकांनी तेही माइकवरून सांगितलं. "बघा, केवढा विनय! याला म्हणतात संस्कार."

बाबांना खरं काय ते माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, पुढे आले आणि फोटोसाठी माझ्या शेजारी उभे राहिले. त्या फोटोत ते जितके खूश दिसतात, तितकं खूश मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. याचा मला इतका राग आला, की फोटो झाल्या झाल्या मी शाल काढून आईच्या हातात कोंबली. आईने त्या नारळाच्या वड्या केल्या. त्या सगळ्या सत्कारात तेवढंच काय ते कामाचं झालं. पुढे लवकरच आम्ही यादीतून घसरलो, पण शाल परत मागायला कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी उंच, जुन्या मुली पदवी घेऊन गेल्या आणि मी सुरुवातीपासून कोर्टवर उतरणाऱ्या पहिल्या पाचात आले. संघ म्हणाल तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हरायचो, पुन्हा हरायचो, मध्येच एखादी मॅच जिंकायचो. आम्हाला मत द्यावं असं सँडविच खाणाऱ्या कुणालाही वाटलं नाही. पण मी खेळले! मी बुटकी, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. उंच मुलगी बॉल आपटायला खाली वाकली, की मी मधूनच तो पळवून न्यायचे. बर्फाळ ड्राइव्हवेवर डावा हात चांगला तयार झाला होता. आयुष्यात मी इतकी चांगली कुठल्याच गोष्टीत नव्हते, आधी नाही आणि नंतरही नाही.

आई बसने एकटी यायची. साडीवर जाडजूड कोट, पायात स्नो बूट. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे. आली की शेजारच्या खुर्चीवर बाबांचा मफलर टाकायची. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी. हॉल निम्म्याहून रिकामा. इथे जागा कोण पळवणार होतं? मी तिला हसायचे. ती म्हणायची, "असू दे. हे आले तर?"

त्या मोसमातली घरच्या कोर्टवरची शेवटची मॅच आली. मी पुन्हा बाबांना विचारलं. ते टीव्हीवर हॉकी बघत होते.

"यादीत आहात?"

"नो. बट बाबा, आय स्टार्ट नाऊ. मी खेळते. पूर्ण वेळ."

त्यांनी आवाज कमी केला. "मी सगळ्यांना सांगितलंय, तू खेळणं सोडलंस. अभ्यासासाठी."

"बट आय डिडन्ट!"

"मग काय सांगू? गेल्या वर्षी आठवी आणि यंदा कुठेच नाही?" असं म्हणून त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.

म्हणजे बाकावर बसले त्या वर्षी मी देशात आठवी, आणि खेळले त्या वर्षी खेळातच नाही. अजूनही त्या मंडळींपैकी कुणी ग्रोसरीत भेटलं, की कौतुकाने म्हणतं, "तू आठवी आली होतीस ना? मग सोडलंस का गं?"

त्या शनिवारी आमच्यानंतर मुलांची मॅच होती. आमची संपत आली तसा हॉल भरायला लागला. ही गर्दी आमच्यासाठी नव्हती, मुलांच्या मॅचसाठी चांगल्या जागा पकडायला आली होती. समोरच्या मुलीने माझ्यावर फाउल केला, म्हणून मला दोन फ्री थ्रो मिळाले. मी रेषेवर उभी राहिले. आमचा खेळ बघायला कुणी आलेलंच नसल्यामुळे हॉल तसा शांत होता, म्हणून मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. एक दांडगा मुलगा मफलरकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. तिने मफलरवर हात ठेवला आणि तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाली, "नो, नो. माय हजबंड कमिंग."

मी बॉल टाकला. आत गेला. दुसरा टाकला, तोही गेला. आई टाळ्या वाजवत होती, पण एकाच हाताने, मांडीवर. दुसरा हात तिने खुर्चीवरून उचलला नाही.