गजाभाऊंचा तिसरा हेलकावा

पेन्सिल हातात घेण्याआधी गजाभाऊ दोन्ही तळवे वाचनालयाच्या पायरीवरच्या धुळीत घासत. मग माडीवर येऊन बसत, आणि पहिल्या रेघेबरोबर कागदावर पाचही बोटं उमटत. मी त्यांच्यासाठी ओला रुमाल नेऊ लागले. त्यांनी तो एकदाही वापरला नाही. "हात कोरडा नसला तर धरवत न्हाय, बाई," एवढंच उत्तर.

श्रीवर्धनच्या आमच्या वाचनालयात तीन महिने, शनिवार-रविवारी, ॲनिमेशनचा वर्ग चालला. चित्रं काढायची, ती हलती करायची, त्यांना आवाज द्यायचा. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. मुलांसाठी धड्यांच्या छोट्या फिल्म करता याव्यात म्हणून मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं होतं. बाकी सगळे कॉलेजातले. म्हणून पनवेलहून येणाऱ्या पंचविशीतल्या सरांनी सत्तेचाळीस वर्षांची मी आणि चौसष्ट वर्षांचे गजाभाऊ अशी जोडी लावली. गजाभाऊ गेल्या पावसाळ्यात तापाने गेले. त्यांच्याबद्दल लिहून ठेवायचं काम माझ्या यादीत तेव्हापासून आहे.

चाळीस वर्षं ते लोकांच्या वाड्यांत सुपारी उतरवत. एका झाडावर चढायचं, आणि खाली न येता तेच झाड हलवून शेजारच्या झाडावर जायचं. अशी अख्खी रांग संपवायची. मग एका मोठ्या वादळात वाड्या आडव्या झाल्या. जी झाडं उरली ती एकमेकांपासून लांब, त्यामुळे हे जाणंच बंद पडलं. नवी रोपं लावली आहेत, पण ती तेवढी उंच व्हायला पंधरा वर्षं तरी लागतील. "तवर मी कुठं असणार? आनि कुना पोराला दाखवायचं म्हटलं तर दोन झाडं जवळ न्हायत," ते म्हणत. चित्रातला माणूस हलवता येतो असं कुणीतरी त्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते नाव घालायला हजर.

सुरुवातीला सगळ्यांनी उसळणारा चेंडू काढायचा होता. गजाभाऊंनी सुपारी काढली. ती पडली आणि तिथेच राहिली.

"काका, तो उसळायला हवा," सर म्हणाले.

"सुपारी न्हाय उसळत, सर. पडली की पडली."

सरांना ते कायम 'सर'च म्हणत, अगदी त्यांची खरडपट्टी काढतानाही.

मग आमची फिल्म सुरू झाली. एका सेकंदाला बारा चित्रं. मी वहीत रकाने आखले: चित्राचा क्रमांक, कुणी काढलं, फोटो झाला का. सरांनी नमुना काढून दिला. त्यात माणूस एका झाडावरून दुसऱ्यावर झकास उडी मारत होता. त्यावरून मी बासष्ट चित्रं काढली. गजाभाऊंनी ती फोनवर हलताना पाहिली आणि फोन उलटा ठेवला.

"मी काय माकड हाय, सर? मी न्हाय जात. झाड जातं. मी नुसता धरून असतो."

कोपऱ्यात जळमटं काढायचा बांबू होता. तो त्यांनी उभा केला, खालचं टोक मला पायाने दाबायला लावलं आणि वरचं हलवू लागले. "हा एक. हा दोन. तिसऱ्या हेलकाव्याला झाड टोकाला जाऊन जरा थांबतं. तितं दुसरं धरायचं आनि पाय सोडायचे. आदी सोडले तर मेला. उशीर केला तर परत आपल्या जागी." बासष्टच्या बासष्ट चित्रांवर काट मारताना मला राग आला होता, हे कबूल करते. पण नव्या चित्रांत झाड वाकलं आणि माणूस पहिल्यांदा जड दिसला.

आवाज आम्ही शाळेच्या अडगळीच्या खोलीत, दाराला गोधडी लावून घेतले. पानांच्या सळसळीसाठी सुकी झावळी, खोडाच्या करकरीसाठी जुनी बाज. तिसऱ्या हेलकाव्याशी गजाभाऊंनी हात वर केला. "हितं काय न्हाय."

"वारा तरी असेल ना?"

"असतो. ऐकू येत न्हाय. श्वास धरलेला असतो ना, बाई."

दीड सेकंद. अठरा चित्रं बिनआवाजाची. मी तसं वहीत लिहिलं.

फिल्म दाखवायच्या दिवशी सर आनंदाने म्हणाले, "काका, मध्ये आवाज तुटला होता. मी बासरी टाकलीय."

गजाभाऊ चिडले नाहीत. "मग माजं नाव काढा," म्हणाले.

"अहो, लोकांना वाटेल आवाज बिघडलाय."

"वाटू दे. उद्या कुनी पोरगा ह्ये बघून चढला, नि वर बासरीची वाट बघत बसला तर?"

सर कॉम्प्युटरपासून बाजूला झाले. कार्यक्रमाला वीस मिनिटं होती. मी कॉम्प्युटरपाशी बसले आणि बासरी काढून टाकली. नवव्या आठवड्यात शिकलेलं तेवढं मला नीट येत होतं.

खोली भरली होती. गजाभाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, माझ्या शेजारी बसल्या. चाळीस वर्षं खाली उभं राहून सुपाऱ्या गोळा करायचं काम त्यांचं. पडद्यावर झाड हलू लागलं. एक. दोन. मग सगळे आवाज थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "गेला वाटतं आवाज." वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग दुसऱ्या झाडाची पानं सळसळली, माणूस पलीकडे पोचला होता.

लोक टाळ्या वाजवून खाली उतरले. वहिनी जिन्यात थांबल्या.

"मदी पाय कुटंच नसतात व्हय तुमचे?"

"मग? दोन्ही झाडांवर कसे ठेवू?"

"इतक्या वर्सांत बोलला न्हाईत."

"त्यात काय बोलायचं? तू खालीच तर असायचीस. दिसत न्हवतं?"

"त्या टायमाला मी डोळे मिटायची," वहिनी म्हणाल्या. "पानं वाजली की उघडायची."

गजाभाऊ दोन पायऱ्या खाली गेले होते. ते वळले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "बघितलं असतंस, तर मला चढू दिलं नसतंस."