सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या आमच्या इमारतीत दिवसा घरी असणारी मी एकटीच. नवरा चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी इथे आले ती त्याच्या व्हिसावरची बायको म्हणून, आणि पहिली दोन-तीन वर्षं खिडकीतून सायकली बघण्यात घालवली. मग ब्लाउज शिवायला लागले, फॉल-पिको करायला लागले, धंद्याची रीतसर नोंदणी केली. मशीन बाहेरच्या खोलीत असल्यामुळे बेल वाजली की दार मीच उघडायची, आणि हे सगळ्या कुरिअरवाल्यांना ठाऊक झालं. वरच्या मजल्यावरच्या डच आजींची औषधं, समोरच्या जोडप्याचे बूट, कुणाच्या मांजराचं खाणं, सगळं माझ्या पॅसेजमध्ये. संध्याकाळी एकेक जण येऊन घेऊन जायचा. आजी तर सफरचंदाचा केक घेऊन यायच्या आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचला शाबासकी देऊन जायच्या. या देशात माझी पहिली ओळख झाली ती पार्सलांमुळे, हे कुणाला हास्यास्पद वाटलं तर वाटो.

ती बाई मला भेटली सुपरमार्केटात, कोथिंबिरीपाशी. मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर मागून आवाज आला, "ताई, तुम्ही पुण्याच्या का?" संपलं. परदेशात हे चार शब्द ऐकले की आपली अक्कल गहाण पडते. मी तिला तशीच घरी घेऊन आले, चहा केला, आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिने सांगितलं ते सगळं खरं मानलं. शिफ्टची नोकरी आहे, बिल्डिंगमधून पार्सलं चोरीला जातात, तुमच्या पत्त्यावर मागवली तर चालतील का, असं तिने विचारलं. त्यात विचारायचं काय, मी म्हटलं. पुढच्या वेळी ती गाजराचा हलवा घेऊन आली.

संक्रांतीला मी दरवर्षी हळदीकुंकू करते. इथल्या मैत्रिणी येतात, एक तर कापेल आन डेन आयसेल या लांबच्या गावाहून ट्रेनने येते. ती माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, माझ्या बाळंतपणात महिनाभर माझ्याकडे राहून रांधणारी. त्या वर्षी सुपरमार्केटातली ती बाईसुद्धा आली. तिळाच्या वड्या थापल्या, वाण वाटलं, सगळ्यांच्या साड्यांचं कौतुक केलं. आणि निघताना म्हणाली, आपण एक ग्रुप करू या, सगळ्यांचे वाढदिवस साजरे करू या, जिचं माहेर लांब तिला केक तरी मिळेल. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच बसून प्रत्येकीने पूर्ण नाव, पत्ता आणि जन्मतारीख टाइप केली. वर्षासकट. बँकेचा पिन मागितला असता तर आम्ही सावध झालो असतो. वाढदिवस विचारणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार?

वसंत ऋतूत पार्सलं वाढली. त्यांवर माझ्या मैत्रिणींची नावं होती. सेल आहे, सगळ्यांचं एकत्र मागवलंय, मीच वाटणार आहे, असं ती म्हणाली. आपल्याकडे हे काय नवीन आहे? कुकर काय, साड्या काय, आपण घाऊकच मागवतो. मी सह्या करून घेतल्या, ती येऊन घेऊन गेली, आणि दर वेळी मी तिला चहा पाजला. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त झोंबतो तो चहा. त्या बाईला आलं घातलेला चहा लागायचा आणि मी तिच्यासाठी आलं आणून ठेवायची!

एका दुपारी कापेलच्या मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, एका दुकानाचं पत्र आलंय, मी महागडा फोन उधारीवर घेतला म्हणे, आणि तो तुझ्या पत्त्यावर दिला म्हणे. इथे वस्तू आधी मिळते, पैसे नंतर भरायचे, आणि त्यासाठी नाव, पत्ता, जन्मतारीख एवढं पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "तू केलंस का हे?"

आठवडाभरात अशी पत्रं बहुतेक सगळ्यांकडे पोचली. पार्सल घेतल्याची सही प्रत्येक ठिकाणी माझी. त्या बाईचा फोन बंद होता, आणि ग्रुपमधून ती न बोलता निघून गेली होती. मग ग्रुपही शांत झाला, म्हणजे माझ्याविना दुसरा तयार झाला. माझ्याकडे शिवायला टाकलेले दोन ब्लाउज एकीने नवऱ्याला पाठवून परत नेले, बाह्या लावायच्या राहिल्या होत्या तरी.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की सगळ्यांचे पैसे आपण भरून टाकू, विषय मिटवू. आमचा नागरिकत्वाचा अर्ज खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, द्यायचा होता, आणि पोलिसांत नाव गेलं तर तो लटकला असता. त्याचं चुकीचं नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे भरले म्हणजे मी चोर, पावतीसकट चोर. मैत्रिणींपैकीही दोघींनी निरोप पाठवला की पोलिसांत जाऊ नकोस, आपल्या लोकांची नाचक्की होईल. माझी झाली होती तिचं काय, हे कुणी विचारलं नाही. मी एकटी सायकल काढून पोलीस चौकीत गेले.

तिथली पोलीस बाई माझ्यापेक्षा लहान होती, आवाज शांत. तिने समजावलं की खोटं नाव सांगून, खोटी ओळख देऊन, किंवा थापा एकमेकींत विणून कुणाला वस्तू द्यायला लावणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. विणण्याची भाषा कायद्यातच आहे म्हणे. मी शिवणारी बाई, मला ते लगेच कळलं. पण कायद्याच्या लेखी फसली ती दुकानं. मग मी कोण, मी विचारलं. ते तुम्हाला माहीत होतं की नाही यावर ठरेल, ती म्हणाली. माहीत होतं का, हे तिने वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मग विचारलं, या मदतीबद्दल तुम्हाला काय मिळालं? मी म्हटलं, गाजराचा हलवा. गाजराचं गोड कसं असतं ते मला इंग्रजीत सांगावं लागलं. तिने ते तसंच टाइप केलं, आणि शेवटी सगळा जबाब मला वाचून दाखवला, हलव्यासकट. त्याखाली सही करताना मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि राग त्या लाजेपेक्षाही मोठा होता.

बाई सापडली. दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या आडनावाने, दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीकुंकवात. माझ्याकडे सरकारी पत्र आलं की मी आरोपी नाही, साक्षीदार आहे. दुकानांनी मैत्रिणींची बिलं रद्द केली. नवऱ्याने ते पत्र जुन्या ग्रुपवर टाकलं. त्यावर हात जोडलेली चित्रं आली.

पुढच्या संक्रांतीला मी कुणाला बोलावलं नाही. कापेलची मैत्रीण न बोलावता आली, काळी साडी, हातात तिळगुळाचा डबा. जणू मधे काही घडलंच नव्हतं. म्हणाली, जाऊ दे ना आता, गोड बोल. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं की त्या बाईचा राग माझा केव्हाच निवला, ती कोण होती माझी? राग तुझा आहे. तू माझ्या बाळंतपणात माझं डोकं धुतलंस, आणि फोनवर मला विचारलंस की तू केलंस का.

तिने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "माझ्या हातात पत्र होतं, त्यावर तुझा पत्ता होता. काय विचारायला हवं होतं मी?"

"तुझ्याकडे कोण येतंय, एवढंच."

तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाला होता, वरच्या आजींचं औषध घेऊन. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मी घेते की नाही ते बघायला. मी सही केली आणि खोका पॅसेजमध्ये ठेवला. मग आत येऊन तिचा तिळगूळ घेतला. गोड मात्र बोलले नाही.