ताकातली पावडर आणि अहिरे मॅडम

पौष सरत आला होता. दुकानात शेवेचा पहिला घाणा नुकताच उतरला होता आणि मी पोहे चाळत होते, तेवढ्यात रोहिणीचा फोन आला. रोहिणी म्हणजे अहिरे मॅडमची मुलगी. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. "झोपेतच... चहा घेऊन गेले तर..." पुढचं तिला बोलवेना. मी आधी गॅस बंद केला. भाजल्यापासून ही सवयच लागली आहे, काहीही झालं तरी आधी गॅस. मग तिथल्याच गोणीवर बसले. आमच्या यांनी विचारलं, कोणाचा फोन. मी म्हटलं, मॅडम गेल्या. यांनी बाहेर जाऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मला लिहिण्याचा सराव नाही, पण मॅडमबद्दल कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे असं सारखं वाटतं. त्या नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळात बर्न वॉर्डच्या आहारतज्ज्ञ होत्या. डॉक्टरांची नावं लोकांच्या लक्षात राहतात, जेवणाच्या बाईंचं कोण लक्षात ठेवतं? आम्ही भाजलेली माणसं ठेवतो.

सोळा वर्षांपूर्वी पंचवटीत, पत्र्याच्या एका खोलीत आमचा चिवडा-शेवेचा धंदा होता. एका दुपारी भट्टीखालची वीट खचली, कढई कलंडली आणि उकळतं तेल माझ्या अंगावर आलं. दोन्ही हात, छाती, गळा, हनुवटी. त्या क्षणाचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो वॉर्डातला पाचवा दिवस. ठेंगणीशी, पन्नाशीची, सुती साडीवर पांढरा कोट घातलेली एक बाई माझ्या खाटेजवळ आली आणि 'बरं वाटतंय का' वगैरे काही न विचारता म्हणाली, "सकाळपासून पोटात काय गेलं?" मी म्हटलं, काही नको. त्यांनी खिशातून एक पुडी काढली, ताकाच्या पेल्यात पांढरी पावडर ओतली आणि चमच्यानं ढवळायला लागल्या. ढवळता ढवळता बोलत होत्या. भाजलेल्या शरीराला नवी कातडी करायला प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एकाची ही पावडर. "तू खाल्लं नाहीस तर शरीर थांबत नाही," त्या म्हणाल्या. "ते तुझ्या मांडीतलं, दंडातलं मांस तोडून वापरतं. घर दुरुस्त करायला घराचेच वासे काढल्यासारखं." आमच्या यांनी मला चमच्यानं ताक पाजलं. चव खडूसारखी, आणि वर खरखर. मला उलटी झाली. मॅडमनी दुसरा पेला केला.

दिवसातून तीनदा ते ताक, चार अंडी, मुगाचं कढण, दूध. मॅडमचा आहाराचा कागद खाटेला अडकवलेला असायचा. तो सगळा मी पार पाडते असं नर्सबाईंना वाटे, कारण पेले रिकामे परत जात. खरी गोष्ट अशी, की ते सगळं आमचे हे पीत होते. मी डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, मला जात नाही हो, टाकून दिलं तर त्या बाई ओरडतील, तुम्ही प्या. हे बिचारे दोन घोटांत पेला संपवायचे आणि माझी अंडीही खायचे. आज हसू येतं, पण तेव्हा माझ्या मांडीची कातडी काढून छातीवर लावली होती आणि ती धरली नाही. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी पट्टी सोडली तर लावलेली कातडी काळी पडून सुटून आली. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून मॅडम आल्या. कागद पाहिला, मला पाहिलं, मग यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"भास्करराव, तुमचे गाल वर आलेत," त्या म्हणाल्या.

यांनी मान खाली घातली. मॅडम चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी यांना चहा प्यायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या. मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. वॉर्डात शुद्ध बोलायच्या, पण त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. "का वं माय, तुले जगनं नही का?" अहिराणी मला धड येत नाही, पण हे कळलं. मग मी सांगितलं. आमची मनू तेव्हा चार वर्षांची. आदल्या रविवारी हे तिला घेऊन आले होते. दारातून मला पाहून ती यांच्या पायामागे लपली आणि म्हणाली, ही आई नाही, आईकडे चला. मी त्या रात्रीपासून ठरवलं होतं, की आता घरी जायचं कशाला.

मॅडमनी समजूत काढली नाही. लेकरं विसरतात, सगळं ठीक होईल, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ती पट्ट्यांना घाबरली. पट्ट्या सुटायला कातडी पाहिजे. कातडी यायला पोटात अन्न पाहिजे. त्याच्यापुढचं मला माहीत नाही, मी डाएटची बाई आहे. तुझं तोंड पाहून पोरगी काय म्हणेल ते तुझं तू बघ. पण बघायला तर जा."

मग त्यांनी ताक मागवलं. खडूसारखं लागतं म्हटल्यावर त्यात जिरं आणि हिंग टाकायला लावलं. मी प्याले. अर्धं बाहेर आलं, अर्धं राहिलं. "अर्धं तर अर्धं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील आली, हरसूलच्या बाजारातून त्यांनी स्वतः आणलेल्या नागलीची. त्यात पावडर कळतही नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा कातडी लावली आणि ती धरली. पट्टी सोडताना मॅडम पायाशी उभ्या होत्या. खालची गुलाबी कातडी दिसली तशा त्या वळल्या आणि पदरानं चष्मा पुसत पुढच्या खाटेकडे गेल्या. तिथली बाई जेवत नव्हती.

मी अडीच महिन्यांनी घरी आले. मनू पहिले दोन दिवस लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या मानेवर बोट टेकवून विचारलं, दुखतं का? एवढंच. मी तिथूनच मॅडमना फोन केला.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं आमचं येणं-जाणं राहिलं. निवृत्त झाल्यावर त्या रविवारी दुकानात यायच्या. चिवड्यातल्या डाळ्या वेचून खायच्या, बाकी चिवडा यांना परत. "दाणे वाढवा, तेल कमी करा," हे दर वेळी. हे म्हणायचे, मॅडम, तसं केलं तर गिऱ्हाईक पळेल. त्या म्हणायच्या, पळू द्या, तब्येतीला चांगलं. द्राक्षांच्या दिवसांत एखादी पेटी घेऊन यायच्या आणि मनूला अभ्यासाला बसवून जायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मात्र त्यांनी डाळ्या वेचल्याच नाहीत. म्हणाल्या, "सुनंदा, तुला एक सांगायचंय. ती पावडर... आता मोठ्या अभ्यासात दिसलंय, की जास्त भाजलेली माणसं तिनं काही लवकर बरी होत नाहीत. तेव्हा पुस्तकात होतं, मोठे डॉक्टर सांगत होते, म्हणून मी दिली. वर्षानुवर्षं दिली. लोकांना विकत आणायला लावली." ज्यांचे पत्ते माहीत होते अशा जुन्या पेशंटांकडे त्या स्वतः जाऊन हे सांगत होत्या. मनमाडला एका रेल्वेवाल्याकडे जाऊन आल्या होत्या, पेठला एका शिक्षिकेकडे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कोणी दोषही दिला नव्हता.

मी म्हटलं, "मग मी कशानं बरी झाले?"

"डॉक्टरांनी. ड्रेसिंग करणाऱ्या पोरींनी. अंड्यांनी, दुधानं, आंबिलीनं... प्रथिनं तर लागतातच, त्यात काही चूक नव्हती. पण ती पुडी कदाचित नुसतीच पुडी होती."

"आणि तुम्ही?"

"मी काय केलं? मी ढवळलं."

यांनी तेवढ्यात चहा आणला. खरं तर मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांचे एकदाही नीट आभार मानले नाहीत, आणि त्या दिवशी मानायची वेळ होती. चहा पिऊन त्या गेल्या.

तेराव्यानंतर रोहिणीनं मला जेवायला बोलावलं. मॅडमच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक लहान टेबल आहे. तिनं भाकरी, पिठलं, ठेचा वाढला आणि समोर न बसता खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. माझा हात थांबला. "अशी का बसलीस?" मी विचारलं.

"आईची सवय, मावशी. आम्ही जेवायला बसलो की आई अशीच बसायची. तिला बाहेर बघायला आवडायचं ना."

तिला माहीत नव्हतं. वॉर्डात माझ्या हातांच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं आखडली होती, खालचा ओठ ओढला गेला होता. मॅडमचा हट्ट, की मी माझ्या हातानं जेवायचं. घास निम्मा छातीवर सांडायचा, वरण हनुवटीवरून ओघळायचं. माझं जेवण होईपर्यंत मॅडम तिथून हलायच्या नाहीत, आणि पूर्ण वेळ माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसायच्या. बाहेर इस्पितळाची पाण्याची टाकी होती, दुसरं काहीही नव्हतं. वर्षानुवर्षं अशा किती जणांच्या खाटांजवळ पाठ करून बसल्या असतील, की ती सवय घरीही आली.

मी रोहिणीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. वळली नाही, पाठमोरीच बसून राहिली, फक्त तिचे खांदे हलत होते.

"जेवा मावशी," ती म्हणाली. "सावकाश जेवा. मी बसलेय."